बॅले स्कूल बंद झालं, वर्षाची फी मात्र घेऊन गेलं

अमेरिकेत मुलांना नाच, संगीत, जिम्नॅस्टिक्स शिकवणारी मराठी घरं भरपूर आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. आमची लेक ज्या बॅले स्कूलमध्ये जायची ते ऑगस्टच्या अखेरीस, नवं सत्र तोंडावर आलेलं असताना, एका ईमेलने बंद झालं. स्कूल आणि त्याला जोडलेली छोटी डान्स कंपनी, दोन्ही एकाच नोंदणीकृत नॉनप्रॉफिटखाली, म्हणजे ना-नफा संस्थेखाली, चालायचं. वर्षभराची फी भरलेले आम्ही सगळे पालक बाहेर राहिलो.

संस्था बंद पडणं ही फसवणूक नाही, हे आधी सांगते. बॅले हा मुळातच पैसे खाणारा उद्योग आहे. कॅलिफोर्नियातल्या बॅले सॅन होजेने 2015 मध्ये अडचण जाहीरपणे सांगून लोकांकडे पैसे मागितले, सिलिकॉन व्हॅली बॅले असं नवं नाव घेतलं, आणि तरीही 2016 च्या मार्चमध्ये ती कंपनी बंद झालीच. वाईट वाटतं, पण देणाऱ्याला आपण कशासाठी देतोय हे ठाऊक होतं. आमच्याकडे उलटं झालं. संचालक मंडळाने जूनच्या बैठकीत संस्था विसर्जित करायचा ठराव केला, आणि जुलैत 'अर्ली बर्ड' सवलतीची मुदत वाढवल्याचा ईमेल आम्हाला पाठवला. ठरावाचं इतिवृत्त आम्हाला नंतर एका राजीनामा दिलेल्या संचालकाने दाखवलं. दोन्ही कागदांवरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की दुसरं काही सांगावं लागत नाही.

हे कसं चालतं ते समजून घ्या, कारण नाच सोडून इतर क्लासेसनाही ते लागू आहे. पुढच्या वर्षाची फी जेव्हा आगाऊ घेतली जाते, तेव्हा हिशोबात ती उत्पन्न नसते, देणं असतं. क्लास झाला की तेवढी रक्कम कमाई ठरते. पण बँकेतल्या खात्यात पैसे एकच दिसतात. उन्हाळ्यात क्लास कमी, भाडं मात्र बाराही महिन्यांचं. त्यामुळे सप्टेंबरच्या फीमधून जूनचं भाडं भागवायचं, पुढच्या वर्षी आणखी लवकर फी मागायची, असं चक्र सुरू होतं. चालत्या गाडीचं चाक विकून पेट्रोल भरण्यातला प्रकार. आमच्याकडे सवलत दरवर्षी थोडी वाढत होती आणि फीची शेवटची तारीख थोडी अलीकडे सरकत होती. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं कौतुकच व्हायचं.

आता खरी मेख. फी भरताना ऑफिसमधून सांगितलं जायचं की रक्कम दोन भागांत द्या: अर्धी फी म्हणून, अर्धी 'सीझन सपोर्ट' म्हणून. म्हणजे दुसऱ्या भागावर तुम्हाला टॅक्समध्ये सूट मिळेल, संस्थेलाही देणगी दाखवता येईल. पावतीही तशीच मिळायची. सुबक लेटरहेड, खाली संस्थेचा टॅक्स क्रमांक, आणि ओळ अशी की 'या देणगीच्या बदल्यात कोणतीही वस्तू वा सेवा देण्यात आलेली नाही.' ही ओळ 250 डॉलर आणि त्यावरच्या देणगीच्या पावतीवर लागते, ती अशीच छापलेली असते, म्हणून कोणाला खटकली नाही. पण बदल्यात सेवा ठरलेलीच होती: आठवड्याचे क्लास, तालमी, वेशभूषा. क्लासचे पैसे देणगी म्हणून दाखवता येत नाहीत, आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर विभागाचा, नियम स्पष्ट आहे. संस्था बंद झाल्यावर या पावतीने दुसरा दणका दिला. क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार केली, तर फीच्या भागाचे पैसे परत आले आणि देणगीच्या भागाला नकार आला, कारण कागदावर तुम्ही ते स्वखुशीने दिले होते. म्हणजे सवलतीचं गाजर दाखवून परताव्याचा हक्कच काढून घेतला होता. ज्याने ही युक्ती काढली त्याला बॅले येत असो वा नसो, हिशोब चांगला येत होता.

ज्यांनी चेकने किंवा झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पैसे भरले त्यांच्या तर तोंडाला पानंच पुसली गेली. कार्डाचं तसं नाही. फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टनुसार, ठरलेली सेवा मिळाली नाही तर ती बिलातली चूक धरता येते, आणि ज्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम पहिल्यांदा दिसली ते पाठवल्यापासून 60 दिवसांत बँकेला लेखी कळवायचं असतं. मे महिन्यात भरलेल्या फीचे 60 दिवस ऑगस्टपर्यंत उरतच नाहीत, ही आगाऊ फीमधली आणखी एक गोम. तरी हात आखडू नका. कार्ड नेटवर्कचे (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) स्वतःचे नियम असतात, आणि सेवा पुढच्या तारखेला मिळायची होती तर मुदत बहुधा त्या तारखेपासून मोजतात. आमचे पैसे त्याच आधारावर मिळाले. सत्राचं वेळापत्रक, फीची पावती आणि बंद झाल्याचा ईमेल, एवढे कागद पुरले.

दिवाळखोरीचं विचाराल तर तिथेही गंमत आहे. सामान्य कंपनीला घेणेकरी कोर्टात ओढून दिवाळखोर जाहीर करायला लावू शकतात, पण नॉनप्रॉफिटला तसं भाग पाडता येत नाही. तिने स्वतःहून अर्ज केला तरच. केला, तर ग्राहकांनी आगाऊ भरलेल्या पैशांना प्रत्येकी 3,800 डॉलरपर्यंत प्राधान्य मिळतं (1 एप्रिल 2025 पासूनची मर्यादा, आधी ती 3,350 होती). आमच्या संस्थेने अर्ज केलाच नाही. नुसते हात वर केले.

आता खेळाच्या कपड्यांबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. 'द नटक्रॅकर' हे नाताळातलं बॅले पहिल्यांदा 1892 साली सेंट पीटर्सबर्गला झालं, 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्को बॅलेने ते अमेरिकेत पूर्ण सादर केलं, आणि 1954 मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी जॉर्ज बॅलनशीनने केलेल्या आवृत्तीपासून ते इथल्या डिसेंबरला चिकटलं ते चिकटलंच. लहान कंपन्या त्याच्यावर जगतात, कारण त्यात मुलांना भूमिका पुष्कळ: पार्टीतली मुलं, सैनिक, उंदीर. आणि प्रत्येक उंदरामागे तिकिटं काढणारं एक अख्खं घर. आमच्या उंदरांची डोकी पालकांनी केली होती. आत तारेचा सांगाडा, वर फोम, त्यावर राखाडी फर, आणि मुलाला समोरचं दिसावं म्हणून तोंडाच्या जागी काळी जाळी. एका आईने प्रत्येक डोक्यात आतून मऊ पट्टी शिवली होती, कारण तार कपाळाला टोचायची. कापड आम्ही आणलं, मेहनत आमची, आणि सगळं संस्थेला दिलेलं. संस्था बंद झाल्यावर काही आठवड्यांत स्कूल चालवणाऱ्या संचालिका बाईंनी स्वतःच्या नावाने खासगी स्टुडिओ उघडला. त्याच्या जाहिरातीत ती डोकी दिसली, पट्टीसकट. जमिनीवर अंथरायचे मार्लीचे (नाचासाठीच्या विनाइलचे) काळे रोलही तेच असावेत, पण त्याचं नक्की सांगता येत नाही. विनाइल सगळीकडे सारखंच दिसतं.

कायदा इथे काय म्हणतो? धर्मादाय दर्जाची संस्था विसर्जित झाली की देणी फेडून उरलेली मालमत्ता दुसऱ्या धर्मादाय कामाकडे किंवा सरकारकडे जावी लागते. ती संस्थेच्या कर्त्याधर्त्यांच्या खासगी धंद्यात फुकट जाऊ शकत नाही. शिष्यवृत्तीसाठी म्हणून गोळा केलेला पैसाही भाड्यात घालता येत नाही, देणाऱ्याने घातलेली अट संस्थेवर बंधनकारक असते. आमच्याकडे वसंत ऋतूतला निधीसंकलनाचा कार्यक्रम शिष्यवृत्तीच्याच नावाने झाला होता. नंतर दोन शिष्यवृत्तीच्या मुलींना फी भरा म्हणून फोन गेले, तेव्हा तो निधी कुठे गेला याचा अंदाज आला.

पैसे द्यायच्या आधी काय बघता येतं? फॉर्म 990, म्हणजे संस्थेच्या हिशोबाचं वार्षिक विवरणपत्र. नॉनप्रॉफिटला तो दरवर्षी आयआरएसकडे द्यावा लागतो आणि मागितल्यास गेल्या तीन वर्षांचे दाखवावेही लागतात. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतो. पूर्ण फॉर्म असेल तर भाग 10 मधली ओळ 19 बघा: आगाऊ घेतलेली, अजून न कमावलेली रक्कम. तिच्या शेजारी बँकेतली रोकड ठेवा. रोकड त्याहून बरीच कमी असेल तर तुमच्या मुलाच्या क्लासचे पैसे आधीच खर्च झालेत. शेड्यूल एल मध्ये संस्थेच्या कर्त्याधर्त्यांशी झालेले कर्जाचे वगैरे व्यवहार असतात. भाग 6 मध्ये संचालकांचे आपसातले नातेसंबंध विचारलेले असतात. आमच्याकडे अध्यक्ष म्हणजे बाईंचे यजमान होते. 50,000 डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थेला मात्र नुसतं ई-पोस्टकार्ड भरून चालतं, त्यातून काहीही कळत नाही. आणि फॉर्म येतो तो वर्षभर जुना. म्हणून कागदावरच भिस्त ठेवू नका.

डिसेंबरच्या खेळांसाठी थिएटर बुक झालंय का, हे थिएटरलाच फोन करून विचारा. यात कसलंही गुपित नाही, ते सरळ सांगतात. आमच्या संस्थेने तारखा छापल्या होत्या, बुकिंग केलंच नव्हतं. शुगर प्लम फेअरीसाठी (नटक्रॅकरमधली एक मोठी भूमिका) बाहेरचे व्यावसायिक कलाकार घेतात त्यांच्याशी करार झालाय का, शिक्षकांचे पगार वेळेवर होतायत का, वेबसाइटवरून संचालकांची नावं गळतायत का. शिक्षक बोलत नाहीत, पण ज्या शाळेत वर्षात तीन शिक्षक मधेच सोडून जातात तिथे वर्षाची फी एकदम भरायला सांगितली तर महिन्याची भरा. सवलत गेली तर गेली.

मुलांचं नुकसान पैशांत मोजता येत नाही असं लोक म्हणतात. काही अंशी येतं. ऑगस्टअखेर चांगल्या शाळांच्या वरच्या वर्गांत जागा नसतात. पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायचे बूट) घालायला लागलेल्या मुलीला नव्या ठिकाणी पुन्हा पाहतात आणि बरेचदा एक पायरी खाली बसवतात. घोटे आणि पोटऱ्या तपासल्याशिवाय कोणी जबाबदार शिक्षक तिला पॉइंटवर उभं करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण पुढच्या जानेवारीतल्या समर इंटेन्सिव्हच्या (उन्हाळी कसून प्रशिक्षणाच्या) ऑडिशनला त्या मुली मागे पडतात.

आम्ही राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या धर्मादाय विभागाकडे तक्रार केली आहे. धर्मादाय मालमत्तेवर देखरेख हे त्यांचंच काम, वकीलही लागत नाही. एकेकट्याने न करता पालकांनी मिळून केली, तक्ता केला: नाव, तारीख, रक्कम, कशाने भरली, पावतीवर काय लिहिलंय. ठरावाचं इतिवृत्त, जुलैचा ईमेल आणि कपड्यांची यादी जोडली, उंदरांच्या डोक्यांचे शिवताना काढलेले फोटोही. आयआरएसकडे फॉर्म 13909 भरून वेगळी तक्रार गेली आहे. तिचं पुढे काय झालं हे ते तक्रारदाराला सांगत नाहीत. ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातून मात्र पत्र आलं, त्यांनी संस्थेची बँक स्टेटमेंट्स मागवली आहेत.