इम्पीरियल सायझिंग डाय वॅक्स: ३०-०६ च्या पुंगळीची २५-०६ करायची तर हेच घ्या

डायचे (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्याचे) रिव्ह्यू सगळेच लिहितात, ल्यूबबद्दल (पुंगळी साच्यात अडकू नये म्हणून लावायच्या वंगणाबद्दल) कोणी फारसं बोलत नाही, म्हणून लिहितोय. रेडिंग कंपनीची ही मेणाची डबी मी इकडे अमेरिकेत ३०-०६ च्या रिकाम्या पुंगळ्यांपासून २५-०६ बनवायला वापरतो (ही दोन्ही रायफलची काडतुसं, पुंगळी म्हणजे त्यांचं पितळी कवच), आणि केस फॉर्मिंगसाठी, म्हणजे एका काडतुसाच्या पुंगळीला दुसऱ्याचा आकार द्यायला, यापेक्षा भारी काही माझ्या हातात अजून आलेलं नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. वाइल्डकॅट म्हणजे दुकानात तयार न मिळणारं काडतूस, कुणीतरी चालू काडतुसाची मान (गोळी धरणारं अरुंद तोंड) आवळून नाहीतर रुंदावून, खांदा (मानेखालचा उतार) पुढे ढकलून बनवलेलं. २५-०६ तसंच जन्मलं. १९२० च्या सुमारास नीडनर नावाच्या गनस्मिथने ३०-०६ ची मान पाव इंची गोळीपर्यंत खाली आणली आणि रेमिंग्टनने ते कारखान्यात घ्यायला १९६९ उजाडलं. मधली जवळपास पन्नास वर्षं हौशी लोक हे घरच्या प्रेसवरच (पुंगळी डायमधे दाबायच्या हातयंत्रावर) बनवत होते, मला याचं फार कौतुक वाटतं. आज तयार पितळ मिळतं, पण ३०-०६ च्या पुंगळ्या रेंजवर ढिगाने पडलेल्या असतात, मग का सोडायच्या?

आता मुद्द्याचं. गोळीचा व्यास ७.८ मिमीवरून ६.५ वर येतो म्हणजे मान तेवढी दाबायची, आणि इथे ल्यूब कमी पडलं की पुंगळी डायमधे घट्ट बसते, जोर लावून ओढाल तर शेलहोल्डर (पुंगळीचं बूड धरणारा प्रेसचा भाग) बुडाची कड म्हणजे रिम फाडून बाहेर येतो आणि पुंगळी आतच, मग ड्रिल करा, आटे पाडा, बोल्टने खेचून काढा, सगळी संध्याकाळ गेली. एका स्प्रेने मला हा अनुभव दिलाय, कारण स्प्रेमधलं सॉल्व्हंट पूर्ण उडेपर्यंत थांबावं लागतं. या मेणाला थांबणं नाही. ओठाला व्हॅसलिन लावतो तेवढंच दोन बोटांवर घ्यायचं, पुंगळी फिरवायची, झालं. प्रेसचा दांडा म्हणजे रॅम इतका गुळगुळीत खाली येतो की पहिल्यांदा शंका येते की मान दाबली गेली की नाही!

खांद्यावर मात्र लावू नका. जास्तीचं मेण तिथे डायमधे कोंडतं आणि खांद्याला खळगे पडतात. बारीक खळगे गोळी झाडल्यावर निघून जातात पण दिसायला वाईट. आणि एकदम पूर्ण मान आवळण्यापेक्षा मधे ७ मिमीच्या डायची एक पायरी घ्या, सुरकुत्या कमी पडतात.

मेण कितीही चांगलं असलं तरी पितळ कुठे जाणार, आवळलं की ते जाड होतं आणि लांबतं. म्हणून लांबी मोजून ट्रिम करा (कमाल ६३.३ मिमी), आणि गोळी बसवल्यावर मानेचा बाहेरचा व्यास तुमच्या चेंबरला (रायफलमधली काडतूस बसायची जागा) चालतो का ते बघाच, जाड मानेला गोळी सोडायला जागा मिळाली नाही तर प्रेशर कुठच्या कुठे जातं. गरज असेल तर नेक टर्निंग, म्हणजे मान बाहेरून तासून पातळ करणं. अनील करायचं (तापवून पितळ मऊ करायचं) तर फक्त मान आणि खांदा, बुडाला आच अजिबात नको.

तक्रारी दोनच. एकेक पुंगळी हाताने चोळावी लागते, मोठा ढीग असेल तर वेळ जातो. आणि मानेच्या आतल्या बाजूला हे चिकट होतं, तिथे कोरडं ग्राफाइट बरं. काम झालं की मेण पुसून काढणं पण आलंच, तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा मार रायफलच्या बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर) येतो.

बुडावर छापा ३०-०६ चाच राहतो, तेव्हा डब्यावर ठळक २५-०६ लिहा, कारण हे काडतूस ३०-०६ च्या रायफलमधे खुशाल आत जातं आणि ते धोक्याचं आहे. भारतातल्या मित्रांनो, तिकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, नुसतं वाचा.

डबी एवढीशी दिसते म्हणून किंमत खटकेल, पण खपते फारच हळू. फॉर्मिंग करत असाल तर डायच्या आधी ही घ्या, पाचपैकी पाच.