बॅटरी बदलायच्या आधी हे तपासा: डीसी टू डीसी चार्जर आणि शंट, आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कॅम्पर व्हॅनची मागची बॅटरी (फ्रिज, लाइट, इन्व्हर्टर चालवणारी) चार्ज धरत नाही म्हटलं की दुकानदार सरळ सांगतो, सेल गेलाय, नवीन घाला. आमच्या गाडीत आधीच्या मालकाने तेच केलं होतं आणि नवीन बॅटरीचीही वाट लागली होती. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दापोलीला जायचं, पाच तास इंजिन चालू, आणि सकाळी बघावं तर फ्रिज बंद पडलेला आणि इन्व्हर्टर पीं पीं करतोय. म्हणून पैसे घालण्याआधी सगळं मोजून घेतलं.

पहिलं बॅटरीचं. घरच्या चार्जरवर पूर्ण भरली, सगळ्या वायरी काढून रात्रभर ठेवली, सकाळी १२.७ व्होल्ट. हायड्रोमीटरने (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल जवळपास सारखे. म्हणजे बॅटरी ठणठणीत (एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा खूप खाली असता तर दुकानदाराचं खरं होतं).

मग इंजिन चालू करून मीटर लावला तर पुढच्या, म्हणजे इंजिनच्या बॅटरीवर १४.२ आणि मागच्या बॅटरीवर जेमतेम १३.१. मधली वायर ६ स्क्वेअर एमएमची, जाऊन-येऊन १२ मीटर, त्यातून ३० अँपिअर गेले की एक व्होल्ट वायरीतच जातो. लेड अ‍ॅसिड बॅटरीला नीट भरायला १४.४ च्या आसपास लागतात, १३.१ वर ती दिवसभर गाडी चालवली तरी अर्धवटच राहते आणि सतत अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट चढतं, मग ती खरंच जाते. त्यात नवीन बीएस सिक्स गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत पुढची बॅटरी भरली की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) स्वतःच व्होल्टेज खाली आणतो, दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा साधा रिले तिथे काहीच करू शकत नाही.

तिसरं म्हणजे गळती. सगळं 'बंद' असताना डीसी क्लॅम्प मीटरवर १.३ अँपिअर!! (घेताना डीसी मोजणारा आहे ना बघा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.) इन्व्हर्टर नुसता ऑन असला तरी एक अँपिअर खातो, बाकी गॅसचा अलार्म, स्टिरिओ आणि निळे लाइटवाले यूएसबी सॉकेट. दिवसाला ३० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) गेले. १५० एएचच्या बॅटरीतलं निम्मंच वापरायचं असतं, म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी अडीच दिवसांत खेळ खल्लास.

मग ३० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर (पुढून आलेलं कमी व्होल्टेज वाढवून मागच्या बॅटरीला हवं तेवढं देणारा) मागच्या बॅटरीजवळ बसवला, १६ स्क्वेअर एमएम वायर, दोन्ही टोकांना फ्यूज, शिवाय इग्निशनची एक वेगळी वायर त्याला दिली, नाहीतर अल्टरनेटरने व्होल्टेज पाडलं की चार्जरला वाटतं इंजिन बंद झालं. आता चालत्या गाडीत मागच्या टर्मिनलवर १४.४ दिसतात आणि फ्रिज दुसऱ्या दिवशी दुपारीही मस्त चालू असतो. एक मात्र लक्षात घ्या, पाच तास गुणिले ३० म्हणजे १५० एएच असा हिशोब लागत नाही, शेवटचे वीसेक टक्के बॅटरी फार हळू घेते, तेवढ्यासाठी सोलर किंवा घरचा सॉकेट हवाच आणि कोकणातल्या पावसाळ्यात सोलरच्या भरवशावर राहू नका.

शंट, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हवर बसणारा करंट मोजणारा तुकडा, तर मला चार्जरपेक्षाही मोलाचा वाटला. किती अँपिअर आले, किती गेले, मोबाईलवर सगळं कळतं. पण सगळ्या निगेटिव्ह वायरी शंटच्या पलीकडच्या बाजूलाच पाहिजेत. बसवणाऱ्याने इन्व्हर्टरची निगेटिव्ह थेट बॅटरीला जोडली होती, त्यामुळे स्क्रीनवर ९० टक्के आणि लाइट मात्र मंद. ती एक थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) शंटच्या पलीकडे हलवल्यावर आकडे खरे यायला लागले.

तक्रार एकच, चार्जर प्रचंड तापतो. बेडखालच्या बंद खोक्यात मे महिन्यात ३० चे २० अँपिअर व्हायचे, जाळी पाडून १२ व्होल्टचा कॉम्प्युटर फॅन लावला तेव्हा सुधारलं.

लिथियम घालणाऱ्यांनी तर हा चार्जर टाळूच नये, ती बॅटरी इतका करंट ओढते की आयडलवर अल्टरनेटर जळू शकतो. आणि स्पिती, लडाखला जाणार असाल तर शून्याखाली लिथियम चार्ज करायची नाही, आतमध्ये हीटर असलेलीच घ्या. मी सध्या ट्युब्युलरवरच (लेड अ‍ॅसिडचाच एक प्रकार) आहे, आता इन्व्हर्टरला बेडजवळ रिमोट स्विच लावायचाय.