सुकाणूचे बोल्ट: 304 घ्यावेत की 316

304 आणि 316 या स्टेनलेस स्टीलच्या दोन जाती. फायबरच्या होडीचं सुकाणू बसवायला प्लेट 316 ची घ्यायची हे ठरलेलंच असतं, प्रश्न येतो नट-बोल्टचा. 304 चे स्वस्त पडतात म्हणून मी चार वर्षं तेच वापरले, आता 316 वर आलोय.

304 वाईट असं मी म्हणणार नाही. वर डेकला, रेलिंगला, जिथे नुसतं पाणी उडतं आणि गोड्या पाण्याने धुता येतं तिथे माझे 304 चे बोल्ट अजून आहेत, तांबूस डाग पडतात पण घासले की जातात. आणि दोघांवरचा क्रोमियमचा थर शाबूत असेल तोवर समुद्राच्या पाण्यात त्यांच्या व्होल्टेजमध्ये फरकही जवळपास नसतो, म्हणून दोन्ही एकत्र लावले तरी चालतात असं दुकानदार सांगतो ते तेवढ्यापुरतं खरंच आहे.

गोम आहे ती वॉशरच्या खाली. तिथे पाणी अडकतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठून आम्लता वाढते, आणि 316 मध्ये जे 2-3 टक्के मॉलिब्डेनम असतं ते 304 मध्ये नाही, त्यामुळे 304 चा थर आधी फुटतो. फुटला की व्होल्टेज साधारण 0.4 व्होल्टने खाली येतं, मग शेजारची अख्खी प्लेट कॅथोड (म्हणजे वाचणारी बाजू) आणि एवढासा बोल्ट अ‍ॅनोड (म्हणजे झिजणारी बाजू), सगळा मारा त्याच्यावर.

गेल्या जूनला मासेमारीची बंदी लागल्यावर होडी वर ओढली, शाकारायच्या आधी सुकाणू उतरवू म्हटलं. बोल्टची डोकी चकचकीत. पाना लावला तर अर्धा फेराही झाला नाही आणि डोकं तुटून पान्यातच आलं, खालचा दांडा तासलेल्या पेन्सिलीसारखा, भोवती काळपट चिखल. बारापैकी पाच असेच निघाले. राहिलेले तुकडे ड्रिलने काढताना फायबरची भोकं मोठी झाली, मग रेझिन भरा, वाळू द्या, परत भोकं पाडा. गंज वरून दिसला असता तर मी वेळेत बदलले असते हो, पण तो दिसतच नाही, आणि भर समुद्रात सुकाणू सुटलं असतं तर काय, हे अजून डोक्यातून जात नाही.

316 ला काहीच होत नाही असंही नाही, होडी खाडीत महिनोनमहिने नुसती उभी राहिली तर वॉशरखाली त्यालाही खड्डे पडतात, झिंक (बाकी धातू वाचवायला स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) दोन्हीकडे लागतंच. पण बोल्ट आणि प्लेट एकाच जातीचे असले की एकट्या बोल्टचा बळी जात नाही. तुमची प्लेट आधीच 304 ची असेल तरी मी बोल्ट 316 चेच घालेन, तिथे प्लेट मोठी आणि बोल्ट छोटा असल्याने झीज पसरते आणि दांडा टिकतो.

घेताना लोहचुंबकावर जाऊ नका, त्याने 304 आणि 316 वेगळे कळत नाहीत. डोक्यावरचा शिक्का बघा, ए2 म्हणजे 304 आणि ए4 म्हणजे 316. आणि वॉशरसुद्धा 316 चाच मागून घ्या, मला बोल्ट बरोबर देऊन वॉशर 304 चे दिले होते.