कॅनन की निकॉन? माझ्यापुरता निर्णय झूमच्या रिंगने केला

व्यावसायिक छायाचित्रकारांमध्ये कोणता ब्रँड जास्त चालतो, हे बघून कॅमेरा घ्यायला हरकत नाही. फक्त आधी आपण ज्यांच्याबरोबर काम करणार त्यांच्या बॅगेत काय आहे ते बघा. लेन्स उसनी मिळते, जादा बॅटरी मिळते, ऐन कार्यक्रमात मेन्यूत अडलो तर शेजारचा सांगतो. ब्रँडची लोकप्रियता बरीचशी अशीच पसरते. याच कारणासाठी, हात निकॉनवर बसलेला असतानाही मी एक अख्खा हंगाम कॅननवर काढला.

सोनीने 2013 च्या ए7 या कॅमेऱ्यापासून सगळ्यांनाच मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळवलं, आणि 2020 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीच निवडला. इतर कंपन्यांच्या लेन्स भरपूर हव्या असतील तर तिकडे जरूर बघा. माझी निवड मात्र उरलेल्या दोघांतच होती.

कॅननचं कौतुक मनापासून करतो. मेन्यू सरळ आहे, त्वचेचा रंग फारसं काही न करता छान येतो, आणि आरएफ 28-70 एफ/2 ही भरपूर प्रकाश घेणारी झूम लेन्स (आरएफ म्हणजे कॅननच्या मिररलेसची लेन्समालिका) लावली की अंधाऱ्या सभागृहात प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या लेन्स, बदलत बसावं लागत नाही. वजन जवळपास दीड किलो, पण ते मी आनंदाने उचललं असतं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कॅनन आणि निकॉनच्या झूमच्या रिंगा एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं. नृत्याचा कार्यक्रम होता. नर्तिका मागून धावत थेट रंगमंचाच्या कडेशी आली आणि तिने दोन्ही हात पसरले. मला फ्रेम रुंद करायची होती. डाव्या हाताने सवयीप्रमाणे रिंग फिरवली आणि फ्रेम आवळली. चेहरा सुरेख आला, पण दोन्ही हात मनगटापाशी कापलेले. ती मुद्रा पुन्हा आली नाही. महिन्याभराने सवय झाली असं वाटलं, तर घाईच्या क्षणी पुन्हा तेच.

डायलची दिशा मेन्यूतून उलटवता येते, आरएफ लेन्सच्या फोकस रिंगचीही. झूमची नाही, कारण ती रिंग आतल्या भिंगांना यांत्रिकपणे सरकवते. तिथे सेटिंगचा इलाज नाही.

मग निकॉनकडे परतलो, झेड8 घेतला. 2021 च्या झेड9 मधलाच सेन्सर, लहान बॉडीत. यांत्रिक शटरच नाही, त्यामुळे शांत आलापाच्या वेळीही पहिल्या रांगेतून बिनधास्त टिपता येतं. निकॉनच्या जुन्या एफ-माउंट लेन्स (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची खाच) अडॅप्टरवर चालतात. बॉडीतल्या मोटरवर फोकस होणाऱ्या तेवढ्या हाताने फोकस कराव्या लागतात. कॅननने 1987 मध्ये ईएफ हा नवा माउंट आणताना जुना माउंट सोडला, निकॉनने 1959 चा एफ-माउंट जपला. जुन्या भिंगांवर जीव असणाऱ्याला हे महत्त्वाचं वाटेल.

हा सगळा माझ्या हाताचा अनुभव, मोजमाप नव्हे. तुमचा हात कॅननवर तयार झाला असेल तर हीच अडचण उलट बाजूने येईल, तेव्हा कॅननच घ्या. अगदी कोरी सुरुवात असेल आणि सोबतीच्यांचं बंधन नसेल, तर मी निकॉनकडे थोडा अधिक झुकेन. एक दिवस दोन्ही हातात घ्या, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून धावत्या माणसावर झूम करा. रिंगेकडे मात्र बघू नका.