उएनो की नारा? जपानची जुनी कला बघायला एकच दिवस असेल तर

जपानची आठ-दहा दिवसांची सहल आखताना फुजी, शिबुया, बुलेट ट्रेन हे सगळं आधीच ठरलेलं असतं. घोडं अडतं ते "जुनं काहीतरी बघू" म्हणून राखून ठेवलेल्या एका दिवसापाशी. टोकियोत उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय करायचं, की क्योटोला असताना जवळच्या नारा या जुन्या राजधानीला जाऊन यायचं? दोन्हीकडे जुन्या बुद्धमूर्तीच ना, मग काय फरक पडतो, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. फरक पडतो, आणि बराच पडतो. माझा कौल आधीच सांगून टाकते: एकच निवडायचं असेल तर नारा. पण त्याला अपवाद आहेत. त्यातल्या एखाद्यात तुम्ही बसत असाल तर खुशाल उएनोला जा.

आधी उएनो. टोकियो राष्ट्रीय संग्रहालय १८७२ सालचं, जपानमधलं सगळ्यांत जुनं. नावावरून एक इमारत डोळ्यांसमोर येते, पण ते चांगलं ऐसपैस आवार आहे. समोरची मुख्य इमारत म्हणजे होनकान, १९३८ची. तिच्या वरच्या मजल्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या जोमोन काळातल्या मातीच्या भांड्यांपासून एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) छापचित्रांपर्यंत जपानी कला काळाच्या क्रमाने मांडलेली आहे. खाली मूर्ती, तलवारी, लाखकाम, चिनीमाती अशी विषयवार दालनं. ज्याला जपानी इतिहासाचा गंध नाही, त्यालाही दोन तासांत कशानंतर काय आलं याचा अंदाज येतो. पाट्या इंग्रजीत आहेत, बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृहं जागोजागी. बऱ्याचशा वस्तूंचे फोटोही काढू देतात, जिथे मनाई आहे तिथे तशी खूण असते.

उजव्या हाताला तोयोकान, म्हणजे जपानबाहेरच्या आशियाचं दालन. आपली मंडळी हे हमखास गाळतात. इतक्या लांब येऊन भारतातलंच काय बघायचं, असा त्यांचा हिशोब. मला तो पटत नाही. तिथे गांधार शैलीतले बुद्ध आहेत, मग चिनी आणि कोरियन मूर्ती, तळघरात कंबोडियाची खमेर शिल्पं आणि भारतीय लघुचित्रं. हे बघून होनकानमध्ये परत या आणि जपानी मूर्तींच्या अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या बघा. मूर्ती कुठून कुठे चालत आली हे कोणी न सांगता दिसतं. अशी सोय नारात नाही.

पण उएनोतलं माझं आवडतं ठिकाण या दोन्ही इमारतींत नाही. आवाराच्या डाव्या कोपऱ्यात, उथळ पाण्याच्या हौदामागे, होर्युजी मंदिराच्या खजिन्याचं दालन आहे. १९९९ची इमारत, वास्तुकार तानिगुची योशिओ. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा विस्तारही पुढे त्यांनीच केला. आत एका अंधाऱ्या खोलीत सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत. बहुतेक हातभर किंवा त्याहूनही कमी उंचीच्या, आणि प्रत्येकीला स्वतंत्र काचेची पेटी. त्यामुळे मूर्तीला प्रदक्षिणा घातल्यासारखं सगळीकडून बघता येतं. देवळात मूर्तीची पाठ कधी बघायला मिळत नाही. इथे पाठीवर रुळणारं वस्त्र दिसतं, जिथे मुलामा उडालाय ती जागा दिसते, आणि काहींच्या डोक्यामागे प्रभावळ अडकवायची छोटी खुंटीसुद्धा. प्रभावळ मात्र कुठल्या कुठे गेलेली.

या मूर्ती मूळच्या नारा परिसरातल्या. १८६८नंतर नव्या राजवटीने शिंतो हा जपानचा मूळचा धर्म आणि बौद्ध धर्म यांची फारकत केली, देवळांचं उत्पन्न आटलं, कित्येक मोडकळीला आली. होर्युजीने १८७८ साली आपला तीनशेहून जास्त वस्तूंचा ठेवा राजघराण्याला दिला. बदल्यात १०,००० येन मिळाले, त्या काळी ही रक्कम प्रचंड होती, आणि देऊळ सावरलं. म्हणजे उएनोत जे बघायचं त्यातला एक मोलाचा हिस्सा नाराचाच आहे, फक्त घरापासून तोडलेला.

आता तेच घर.

क्योटोहून किंतेत्सु रेल्वेने नारा पाऊण तासावर आहे, भाडं साडेसातशे येनच्या आसपास. जेआर, म्हणजे जपान रेल्वेचा, पास असेल तर जेआरनेही जाता येतं, पण ते स्टेशन देवळांपासून जरा लांब पडतं. किंतेत्सुच्या स्टेशनातून बाहेर पडलं की कोफुकुजी देऊळ, नाराचं राष्ट्रीय संग्रहालय आणि तोदाइजी देऊळ अशी तिन्ही ठिकाणं एका चढत्या रस्त्याच्या कडेने लागतात. बहुतेक जण याच क्रमाने जातात आणि तोदाइजीला ऐन गर्दीत पोचतात. उलटं करा. तोदाइजीचं मुख्य सभागृह एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी साडेसातला उघडतं, हिवाळ्यात आठला. शाळांच्या सहलींच्या बस यायच्या आत पोचलात, तर मोठ्या बुद्धासमोर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं असतात.

आत शिरण्याआधी दक्षिणेच्या महाद्वारात मान वर करून उभं राहायचं. दोन्ही बाजूंना साडेआठ मीटरच्या आसपास उंचीचे लाकडी द्वारपाल आहेत. उनकेइ, काइकेइ हे शिल्पकार आणि त्यांच्या शिल्पशाळेने १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत ते उभे केले. लाकडाचे हजारो तुकडे जोडून केलेलं काम आहे हे. १९८८पासून पाचेक वर्षं ते सुटे करून दुरुस्त केले, तेव्हा लक्षात आलं की शिल्पकारांनी बेंबीसारख्या गोष्टींच्या जागा मागाहून हलवल्या होत्या, खालून बघणाऱ्याला अंगाचा तोल बरोबर दिसावा म्हणून. हे द्वारपाल उद्या एखाद्या संग्रहालयात नजरेच्या पातळीवर ठेवले तर चुकीचे दिसतील. नारा का, याचं माझं उत्तर या दारातच आहे.

आतला बुद्ध सुमारे १५ मीटर उंच. मूळचा आठव्या शतकातला, पण ११८० आणि १५६७च्या आगींनंतर त्याचे बरेच भाग नव्याने ओतले गेले, आजचं डोकं सतराव्या शतकातलं आहे. सभागृह १७०९चं आणि मूळच्यापेक्षा अरुंद: तेव्हा रुंदी ८६ मीटर होती, आता ५७. "म्हणजे ओरिजिनल नाहीच की," असं म्हणून नाक मुरडणारे असतात. त्यांनी आसनाच्या पाकळ्यांकडे बघावं. त्यांतल्या काही आठव्या शतकातल्याच आहेत, कोरलेल्या चित्रांसकट.

भारतीय माणसाला माहीत असावी अशी एक गोष्ट: ७५२ साली या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी केला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. तो ७३६ साली चीनमार्गे जपानला पोचला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते धरले होते, म्हणजे डोळे रेखण्याच्या पुण्यात सगळ्यांचा हात लागावा. तो कुंचला आणि निळा दोर शोसोइन या राजकोठारात आजही जपलेले आहेत.

बाहेर पडल्यावर, सभागृहाकडे तोंड केलं की दाराच्या उजव्या अंगाला लाल टोपी-उपरणं घातलेली एक झिजलेली लाकडी मूर्ती बसलेली दिसेल. हे पिंडोल भारद्वाज, बुद्धाच्या शिष्यांपैकी एक. जपानी आज्या आधी त्याचा गुडघा चोळतात, मग स्वतःचा. आपल्याकडच्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

मग खाली कोफुकुजीला या. तिथल्या खजिना दालनात असुराची मूर्ती आहे, ७३४ सालची. तीन तोंडं, सहा हात आणि काटकुळं पोरसवदा शरीर. आपल्या मनातला असुर गदा घेऊन खदाखदा हसतो. हा कपाळाला बारीकशी आठी घालून, हात जोडून उभा आहे, आपल्याच कशाचा तरी पश्चात्ताप झाल्यासारखा. कापडाच्या थरांवर लाख चढवून केलेली ही मूर्ती आतून पोकळ आहे, म्हणून हलकी, आणि म्हणूनच आगी लागल्या तेव्हा उचलून बाहेर काढता आली. समोर काच नाही. फोटो काढायचे नाहीत.

आता याच मूर्तीवरून दोन्ही ठिकाणांची तुलना करून बघा. २००९ साली हा असुर उएनोला प्रदर्शनासाठी गेला होता. तिथे त्याला चहूबाजूंनी बघता येत होतं, तिन्ही चेहरे नीट दिसत होते, आणि ९ लाखांवर लोकांनी तो बघितला. कोफुकुजीत तो फक्त समोरून दिसतो, जरा अंतरावरून, बाजूचे चेहरे अर्धवटच. पण त्याच्या आजूबाजूला त्याच्याच काळातले सोबती उभे आहेत. अभ्यासाच्या नजरेने बघणाऱ्याला उएनोची पद्धत सोयीची. मला मूर्ती तिच्या गोतावळ्यात बघायला आवडते.

नाराचं राष्ट्रीय संग्रहालय वाटेवरच आहे, १८९५ साली उघडलेलं. जुन्या विटांच्या इमारतीत बुद्धमूर्तींचं दालन आहे. पाय बोलत नसतील तर तासभर द्या, बोलत असतील तर सोडा.

पायांवरून आठवलं. नारा म्हणजे चाल: चढ, खडी, लाकडी उंबरे, आणि दिवसभरात सहज सात-आठ किलोमीटर. गुडघेदुखीवाले आई-बाबा किंवा झोपाळू लहान मूल बरोबर असेल तर उएनोच बरं. तिथे लिफ्ट आहेत, सामानाला लॉकर आहेत, कंटाळा आला तर बाग आणि प्राणिसंग्रहालय शेजारीच. मोठ्या मुलांना मात्र नारा जास्त आवडतं, आणि त्याचं सगळं श्रेय हरणांना. ती बाराशेच्या वर आहेत, मोकाट फिरतात, बिस्किटांसाठी मान लववतात आणि मिळालं नाही तर शर्ट ओढतात. हातात नकाशा किंवा प्लास्टिकची पिशवी धरून फिरू नका, दोन्ही त्यांच्या तोंडात जाईल.

पावसाळी दिवस किंवा ऑगस्टचा उकाडा असेल तर उएनो. सोमवार असेल तर नारा, कारण दोन्ही राष्ट्रीय संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, देवळं नाहीत. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर संग्रहालयं उघडी ठेवून मंगळवारी बंद ठेवतात, हेही लक्षात असू द्या.

पैशांत फार फरक नाही. उएनोचं कायमच्या संग्रहाचं तिकीट १,००० येन, म्हणजे साधारण सहाशे रुपये. अठराच्या आतल्यांना आणि सत्तरीच्या पुढच्यांना फुकट, पासपोर्ट दाखवावा लागतो. नारात प्रत्येक दारावर वेगळं तिकीट. तिन्ही केलीत तर दोन-अडीच हजार येन धरा, आणि रोख बरोबर ठेवा. देवळांत मोहोर आणि सुलेखन करून देतात त्याची वही घ्यायची असेल तर वरखर्च वेगळा.

शाकाहाऱ्यांची पंचाईत दोन्हीकडे सारखीच. भाज्यांचा म्हणून दिलेल्या उदोनच्या रश्श्यातही सुक्या माशाचा अर्क असतो. उएनोच्या आसपास भारतीय खानावळ शोधली तर मिळते. नाराला जाताना ठेपले किंवा दशम्या पिशवीत टाका, फक्त हरणांसमोर उघडू नका.

उएनोबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. अमुक एक चित्र बघायलाच म्हणून जात असाल तर आधी खात्री करा. जुनी चित्रं, पडदे, रेशमी वस्त्रं उजेडाने खराब होतात, म्हणून ती वर्षातले थोडेच आठवडे बाहेर असतात. हासेगावा तोहाकू या जुन्या चित्रकाराचे पाइन वृक्षांचे पडदे बहुधा नव्या वर्षाच्या सुमारास थोडे दिवस लावतात, एरवी नाही. नारात ही भानगड कमी, तिथले देव सहसा जागचे हलत नाहीत.

क्योटोचं काय, असं कोणीतरी विचारणारच. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात मोठं प्रदर्शन असलं की कायमचा संग्रह बंद असतो, त्यामुळे आधी चौकशी न करता जाऊ नका. पण त्याच्या समोरचं सांजुसांगेन्दो चुकवू नका: १२० मीटर लांब लाकडी सभागृह, आत हजार आणि एक कान्नोन, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या मूर्ती, आणि त्यांच्यापुढे २८ रक्षक देवता. बासरी वाजवणारा गरुड आहे, वीणेसारखं वाद्य वाजवणारा महोरग हा सर्पदेव आहे, ब्रह्मा आणि इंद्र आहेत. नाराला जायला वेळ नसेल तर निदान हा तास काढा.

दोन्ही जमवायचं असेल तर एक युक्ती आहे. उएनोचं संग्रहालय सध्या शुक्रवारी आणि शनिवारी रात्री आठपर्यंत उघडं असतं. टोकियोतला शुक्रवार दिवसभर दुसरीकडे घालवून चारच्या सुमाराला आत शिरलात तर होनकान आणि होर्युजी दालन निवांत होतात. त्याला पूर्ण दिवस मोडावा लागत नाही आणि नाराचा दिवस शाबूत राहतो. वेळा अधूनमधून बदलतात, तेवढं संकेतस्थळावर बघून घ्या. क्रमही हाच ठेवा, आधी उएनो, मग नारा. एकदा मूर्ती जवळून बघायची सवय झाली की अंधारातल्या मूर्तीही दिसायला लागतात.

आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जात असाल तर गणितच वेगळं. नाराच्या संग्रहालयात तेव्हा शोसोइनमधल्या वस्तूंचं प्रदर्शन भरतं, १९४६पासून. कोठारात सुमारे ९,००० वस्तू आहेत, दरवर्षी त्यांतल्या थोड्याच बाहेर काढतात, आणि एकदा दाखवलेली वस्तू पुन्हा कधी दिसेल याचा नेम नसतो. तिकीट तारखेचं आणि वेळेचं असतं, ते आधीच काढून ठेवावं लागतं, आणि त्या दिवसांत नारात खोल्याही लवकर भरतात. ते तिकीट हाती लागलं तर गुडघे, पाऊस, दशम्या सगळं बाजूला ठेवा आणि नाराच गाठा.