सेटिंगमध्ये 13, आत ऑक्टोपस

मी रबाळ्याला एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसणारं सॉफ्टवेअर, लिहितो. पाण्याच्या मीटरमधला बोर्ड, त्यावर फ्रीआरटीओएस नावाची चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम, 64 केबी रॅम, आणि तेवढ्यात सगळा संसार बसवायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला त्यातलं काही कळत नसेल. कळत होतं. तरी फसलो.

गेल्या पाडव्याला वॅगन आरमध्ये अँड्रॉइड स्टीरिओ बसवायचं ठरलं. गाडी 9 वर्षांची. कंपनीच्या स्टीरिओवर रेडिओ आणि पेन ड्राइव्ह, बाकी काही नाही. घोडबंदर रोडला एक कार ॲक्सेसरीजचं दुकान आहे, नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलानं भिंतीवर लावलेले सात-आठ स्टीरिओ चालू करून दाखवले. मी चौकशी केली ती माझ्या मते फार मुद्देसूद. व्हर्जन कुठलं, रॅम किती, स्टोरेज किती. "सर, अँड्रॉइड 13, चार-चौसष्ट. लेटेस्ट." मी म्हटलं, दाखव. त्यानं सेटिंग्ज उघडल्या, 'अबाउट'मध्ये गेला. अँड्रॉइड व्हर्जन 13. मेमरी 4 जीबी. मी मान डोलावली. रात्री घरून व्हॉट्सॲपवर पुन्हा विचारलं, त्यानं तेच लिहून पाठवलं. तो मेसेज पुढे कामाला आला, म्हणून इथे नोंदवतो.

मागच्या कॅमेऱ्यासकट आणि फिटिंगसकट 16,500 रुपये. "पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा लागेल सर." मी कच्च्यावर भागवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'स्टीरिओ 9 इंच, 1 नग.' आणखी एक गोष्ट मी पाहिली आणि बोललो नाही. कपलर जुळत नव्हता, म्हणून फिटरनं गाडीच्या मूळ वायरी सरळ कटरनं कापल्या आणि पिळून टेप मारली. सण होता, घरी श्रीखंड वाट पाहत होतं.

पहिला महिना बरा गेला. एप्रिलच्या शेवटी ऊन तापलं तसा डबाही तापायला लागला. गाणं चालू असताना नकाशा लावला की गाणं अडखळायचं. रिव्हर्स टाकला की कॅमेऱ्याचं चित्र यायला इतका वेळ लागायचा की तोवर मी मान वळवून गाडी मागे घेतलेली असायची. ठाणेकर माणूस नकाशा लावतो तो रस्ता सापडावा म्हणून नव्हे, गर्दी कळावी म्हणून. एका संध्याकाळी नकाशात कापूरबावडीपर्यंत सगळं हिरवंगार होतं आणि मी मात्र मानपाड्याला जागचा हलत नव्हतो. नकाशा कधीचाच गोठला होता. मी दुकानात फोन केला. उत्तर आलं, "उन्हात होतं सर, सगळ्यांचंच होतं." मला ते पटलंसुद्धा.

मे महिन्यात भाची राहायला आली. नववीतली आहे. तिला गाडीत कुठलं तरी गाण्यांचं ॲप टाकायचं होतं आणि ते काही केल्या बसेना. अँड्रॉइड 9 च्या खाली चालत नाही असं तो स्टीरिओ सांगत होता. मी म्हटलं, "अगं, हा 13 आहे." ती म्हणाली, "मामा, थांब." तिनं सेटिंग्जमधल्या व्हर्जनच्या ओळीवर भराभर टकटक केली. पडद्यावर एक क्रीमचं बिस्किट आलं. त्यावर आणखी पाच-सहा टकटक करून तिनं बोट दाबून धरलं, तर आठ पायांचा एक काळा ऑक्टोपस तरंगत वर आला. "हा ओरिओचा आहे. 13 मध्ये घड्याळ येतं, काटे फिरवून एकावर आणले की 13 दिसतं. माझ्या फोनमध्ये बघ." तिच्या फोनमध्ये घड्याळ आलं.

अँड्रॉइडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीत गूगल असा एक खेळ लपवून ठेवतं. ऑक्टोपस आवृत्ती 8 चा, तिचंच नाव ओरिओ. म्हणजे मी पाडव्याला नवाकोरा म्हणून घेतलेल्या डब्यात 2017 ची सिस्टिम होती.

मग रात्री पार्किंगमध्ये बसून सगळं नीट तपासलं. जे दुकानात उभं राहून दहा मिनिटांत करता आलं असतं. सीपीयू-झेड हे फुकटचं ॲप टाकलं. त्यात एपीआय लेव्हल नावाचा आकडा असतो. अँड्रॉइड 13 चा तो 33 असतो, 8.1 चा 27. माझा 27 निघाला. इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. 'अँड्रॉइड व्हर्जन 13' ही जी ओळ सेटिंग्जमध्ये दिसते, ती बिल्ड.प्रॉप नावाच्या एका मजकुराच्या फाइलमधून येते. तिथे 8.1 खोडून 13 लिहिलं की झालं, सिस्टिमचं काही बिघडत नाही, कारण ती ओळ माणसांना वाचायला असते. एपीआयचा आकडा मात्र ॲप्स वाचतात. तिथे 33 लिहिलं तर बरीच ॲप्स 13 मधल्या सोयी मागायला लागणार, त्या नाहीत म्हणून कोसळणार, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दुकानात येणार. म्हणून बनवणारे तो आकडा बहुधा जसाच्या तसा ठेवतात.

आणि ही व्हर्जनची ओळ मी स्वतः टाइप करतो हो. रोजचं काम आहे माझं. एकदा आवृत्ती बदलली नसताना मीटरवर 2.4.0 च्या जागी 2.4.1 छापून गेलं होतं आणि त्यावरून साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. ती ओळ म्हणजे कुणीतरी लिहिलेला मजकूर असतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी दुकानात ती वाचून मी मान डोलावली. वर कहर म्हणजे, त्याच पडद्यावर दोन ओळी खाली कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, नंबर होता, 3.18. लिनक्स कर्नलची ही मालिका 2014 च्या डिसेंबरातली. अँड्रॉइड 13 आलं 2022 च्या ऑगस्टमध्ये, आणि गूगलच्या नियमांत त्याला इतका जुना कर्नल बसत नाही. बनवणाऱ्यानं ती ओळ बदलायची तसदीही घेतली नव्हती. कुणी वाचत नाही हे त्याला ठाऊक होतं.

रॅम 4 नव्हे, 1 जीबी निघाली. सेटिंग्जमधला 4 नुसता छापलेला. स्टोरेज पाहायला पेन ड्राइव्हवरून सिनेमे कॉपी करत गेलो, अकराव्या जीबीच्या आसपास जागा संपली. सेटिंग्जमध्ये तेव्हाही जवळपास 50 जीबी शिल्लक दिसत होते. रॅमचा आकडा काही डब्यांत तपासणाऱ्या ॲपलाही खोटाच मिळतो असं ऐकून आहे. तेव्हा घेताना नकाशा लावा, गाणं लावा आणि ते चालू असताना रिव्हर्स टाकून बघा. तिथे छापील आकडा मदतीला येत नाही.

प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली प्ले प्रोटेक्टची, म्हणजे गूगलच्या सुरक्षा तपासणीची, एक ओळ असते. माझ्याकडे तिथे 'डिव्हाइस सर्टिफाइड नाही' असं होतं. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, कुणीही फुकट घेऊन डब्यात घालू शकतो, त्यात गैर काही नाही. पण गूगलची ॲप्स अधिकृतपणे द्यायची तर चाचण्या पार कराव्या लागतात. माझ्या डब्यात ती कुठून तरी उचलून टाकलेली होती, आणि त्यात मी दोन महिने माझं जीमेल उघडं ठेवून फिरत होतो. त्याच रात्री खातं काढलं, पासवर्ड बदलला. (दुकानात 'अँड्रॉइड ऑटो आहे' असंही सांगतात. ती वेगळीच गोष्ट. ते आपल्या फोनवर चालतं आणि गाडीच्या पडद्यावर नुसतं दिसतं. ते चालतं म्हणजे डबा नवा, असं काही नाही.)

शनिवारी भाचीला घेऊन दुकानात गेलो. मुलगा आधी म्हणाला, "स्क्रीनवर लिहिलंय ना सर 13, मग?" मग मालक आले. मी काही न बोलता भिंतीवरच्या डेमोकडे गेलो. त्यावर तर 14 चा स्टिकर होता. टकटक केली. बिस्किट, मग ऑक्टोपस. मालकांनी चष्मा वर केला, थोडा वेळ त्या प्राण्याकडे पाहिलं आणि मुलाला विचारलं, "हे काय, नवीन फीचर आलंय?" मला अजून ठरवता आलेलं नाही की त्यांना खरंच माहीत नव्हतं की ते कसलेले नट आहेत.

पैसे परत द्यायला नकार. "फिटिंग झालेला माल परत घेत नाही." मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद होती आणि त्या मुलाचा '13, चार-चौसष्ट' लिहिलेला मेसेज होता. जिल्हा ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नसते, हे मी दुकानाच्या मालकांना लिहून पाठवलं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला. डबा परत घेऊन 9,000 दिले. कॅमेरा आणि फिटिंगचे पैसे गेले ते गेले. आयोगात जायला हवं होतं असं बायको अजून म्हणते. बरोबरच आहे तिचं, पण मला सुट्ट्या नव्हत्या.

जुना स्टीरिओ माळ्यावरून काढला. कापलेल्या वायरी जोडायला कोपरीच्या एका इलेक्ट्रिशियननं 1,200 घेतले आणि काम करता करता वायरी कापणाऱ्याला भरपूर शिव्या घातल्या. रेडिओ लागतो, पेन ड्राइव्ह चालतो. मागच्या डाव्या स्पीकरमधून आवाज मात्र अजून येत नाही.