नाना पेठेतून आणलेला स्टेअरिंग पुलर: अण्णांच्या ट्रकवर वापरून सांगते

आमचा ट्रक टाटा १२१०, १९८४ चं मॉडेल. अण्णा त्याला शेवटपर्यंत 'मर्सिडीज'च म्हणायचे. टेल्कोचा, म्हणजे टाटांच्या ट्रक बनवणाऱ्या कंपनीचा, मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझशी करार १९६९ लाच संपला होता, आमची गाडी त्यानंतर पंधरा वर्षांनी आलेली, पण त्यांच्या वयाच्या ड्रायव्हर लोकांच्या तोंडात ते नाव बसलं ते बसलंच. चाकणचा कांदा आधी पुण्याच्या मार्केट यार्डात आणि मग रात्रीतून वाशीला, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा फेरा. एक्सप्रेसवे व्हायच्या आधीचा खंडाळ्याचा घाट त्यांनी याच बिनपॉवरच्या स्टेअरिंगवर चढवला-उतरवला. आता ट्रक मांजरीला आमच्या शेडमध्ये असतो आणि मी तो सवडीने एकेक करून नीट करते आहे. पुलर म्हणजे दांड्यावर घट्ट बसलेलं स्टेअरिंग स्क्रूच्या जोराने ओढून काढायचं अवजार.

स्टेअरिंग काढायची वेळ दोन कारणांनी आली. कॉलमचा, म्हणजे स्टेअरिंगखालच्या नळीचा, वरचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) झिजला होता. स्टेअरिंग धरून वर-खाली हलवलं की खडखड हाताला लागायची. आणि गोल कड्यावरचं कडक प्लास्टिक दोन ठिकाणी आतल्या लोखंडापर्यंत तडकलं होतं. अण्णांनी त्यावर निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी घट्ट विणून घेतली होती, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही. ती दोरी मी ब्लेड न लावता, एकेक वेढा उलगडत काढली. खाली डाव्या बाजूला, आपण दहा वाजता म्हणतो त्या जागी, अंगठ्याएवढा खळगा पडलेला होता. बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. तो खळगा मी बुजवणार नाही.

याआधी एकदा एका गॅरेजवाल्याकडे ट्रक दिला होता. त्याने नट पूर्ण काढला, स्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढायला पोराला बसवलं आणि शाफ्टच्या (स्टेअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्याच्या) तोंडावर सरळ हातोडी घातली. स्टेअरिंग हललं नाहीच, उलट शाफ्टचं तोंड पसरलं आणि वरचे दोन आटे बसले. मी ओरडून थांबवलं. तो घाव फक्त आट्यांवर थांबत नाही, शाफ्टमधून थेट खाली स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगवर जातो. चार रुपयांचं काम चाळीस हजारांवर नेण्याची ही पद्धत आजही सर्रास चालते, म्हणूनच एवढं सविस्तर लिहिते आहे.

आधी मी रविवारी जुन्या बाजारात गेले. तिथे २०० रुपयांत तीन पायांचा बेअरिंग पुलर मिळाला. वस्तू वाईट नव्हती, पण या कामाची नव्हती: दोन पाय हबखाली (स्टेअरिंगच्या मधल्या जाड भागाखाली) बसायचे आणि तिसरा इंडिकेटरच्या दांडीच्या घरावर टेकायचा. जोर लावला असता तर ते घर फुटलं असतं. मग नाना पेठ गाठली. स्पेअर पार्टच्या गल्लीत तिसऱ्या दुकानात काकांनी विचारलं, "ताई, कुठल्या गाडीला?" मी मोबाइलमधला हबचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि हबच्या भोकांत बोल्ट लावून ओढायचा पुलर मागे ठेवून हबखाली आकडे अडकवून ओढायचा सेट काढला. "तुमच्या हबला आट्यांची भोकं नाहीत, बोल्ट कुठे लावाल?" हे स्टेअरिंग मूळचं नाही, अण्णांनी मध्ये कधीतरी बदललेलं आहे, त्यामुळे नुसतं मॉडेल सांगून चुकीचा माल पदरात पडला असता. फोटो घेऊन जाच.

सेट ६५० रुपयांना पडला. एक जाड आडवी पट्टी, तिच्यात दोन लांबट खाचा, मधोमध लांब स्क्रू, दोन आकडे आणि चार बोल्ट. नाव-गाव काही नाही, वरून काळा रंग. पट्टी आणि मधला स्क्रू खरोखर दणकट आहेत. स्क्रूचे आटे स्वच्छ कापलेले आहेत, टोक निमुळतं आहे, ते शाफ्टच्या तोंडावरच्या मधल्या खड्ड्यात बरोबर बसतं आणि घसरत नाही. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण टोक सरकलं की ओढ तिरकी बसते.

आकड्यांबद्दल मात्र तक्रार आहे. त्यांची टोकं इतकी जाड की हब आणि खालचं कव्हर यांच्यामधल्या फटीत शिरेनात. लेथवाल्या दादांकडून ती ग्राइंडरवर थोडी पातळ करून आणली, ५० रुपये लागले. फार पातळ करू नका, जोर तिथेच येतो. आणि सोबतच्या बोल्टांच्या डोक्यावर ताकद सांगणारा कसलाच अंक कोरलेला नाही. तुमच्या स्टेअरिंगला भोकं असतील तर ते बोल्ट बाजूला ठेवा आणि त्याच गल्लीतून डोक्यावर ८.८ कोरलेले, त्याच आट्यांचे बोल्ट घ्या. भोकात अर्धवट घुसवून ओढू नका, निदान बोल्टच्या जाडीएवढे तरी आटे आत गेले पाहिजेत.

प्रत्यक्ष काम शनिवारी सकाळी केलं, सोबत माझा चुलतभाऊ होता. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवली, कारण हॉर्नची वायर याच हबमधून येते. पुढची चाकं सरळ केली. हॉर्नचं बटण, खालची स्प्रिंग आणि वायर काढून डब्यात ठेवली. बसलेले आटे तिकोनी कानशीने एकेक करून उघडले, तेव्हा कुठे नट फिरला. मग शाफ्ट आणि हब दोन्हींवर समोरासमोर सेंटर पंचने एकेक ठिपका मारला. हा ठिपका विसरलात तर परत बसवताना शाफ्ट आणि हबच्या एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांपैकी एक दाता इकडेतिकडे होतो आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं दिसतं.

नट पूर्ण काढला नाही, सैल करून शाफ्टच्या तोंडाच्या पातळीला आणून ठेवला. स्टेअरिंग सुटतं तेव्हा उसळी मारून वर येतं आणि आपलं तोंड नेमकं त्याच्या समोर असतं. नट असला की ते तिथेच अडतं, आणि आटेही वाचतात.

दात्यांवर गंज सोडवायचं तेल आदल्या रात्रीच मारलं होतं. पुलरच्या स्क्रूला ग्रीस लावलं, दोन्ही आकडे सारख्या अंतरावर बसवले आणि पाना फिरवायला घेतला. थोडा ताण आला की थांबायचं, परत तेल, परत पाव फेरा. भावाला घाई झाली होती, "ताई, एक हातोडी मारू का वरून?" मारू दिली नाही. चहा करून आणला, पिऊन झाल्यावर अजून पाव फेरा दिला आणि 'टक्क' असा कोरडा आवाज झाला. ताण एकदम गेला, पुलर हातात सैल आला. स्टेअरिंग नटाला टेकून उभं होतं. पहिल्या फेऱ्यापासून तिथपर्यंत पाऊण तास.

बुश लेथवाल्या दादांनी मापाने करून दिला. तडे मी हॅक्सॉ पात्याने खणून थोडे रुंद केले, धूळ आणि तेल पुसून दोन घटकांचा इपॉक्सी दाबून भरला, दोन दिवस वाळू दिला आणि वॉटर पेपरने घासून काढला. परत बसवताना दाते तारेच्या ब्रशने साफ केले, ठिपका ठिपक्यासमोर आणला, नवा स्प्रिंग वायसर घातला आणि नट पूर्ण आवळला. आधी शेडमध्ये उभ्या गाडीत दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं, हॉर्न वाजवला, मग रस्त्यावर काढली.

एक सांगणं आवर्जून. ज्या गाडीत एअरबॅग आहे तिच्या स्टेअरिंगला हे वाचून हात लावू नका. ते काम शिकलेल्या माणसाचं आहे.

मी या पुलरला पाचपैकी चार देईन, एक आकड्यांच्या जाडीसाठी कापला. गॅरेजमध्ये गाडी देणार असाल तरी हा घेऊन सोबत न्या आणि मिस्त्रींना म्हणा, याने काढा. आमचा आता शेडमध्ये ड्रायव्हर सीटमागच्या खिळ्याला टांगलेला आहे, शेजारी अण्णांची ती निळी-पिवळी दोरी गुंडाळून ठेवली आहे. स्टेअरिंगचा रंग वाळला की ती परत विणायची आहे, फक्त दहाच्या जागी चार बोटं मोकळी सोडून.